थंडरबर्ड ३५० मध्ये ५०० चं इंजिन घालू का?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरच्या एका तरुणाकडं रॉयल एनफिल्डची २०१४ ची थंडरबर्ड ३५० आहे, ६२ हजार किलोमीटर पळालेली. नवरा-बायको दोघं, बाजूला दोन पेट्या, वर एक बॅग, असं करून हंपी झालं, गोकर्ण झालं, कोकण झालं. आता हिमाचलातल्या स्पितीचा बेत आहे. तक्रार ही की हैदराबाद रोडला ८५-९० च्या पुढं गाडी ओढतच नाही, ट्रकला ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो. एका ठिकाणी जुनं ५०० चं इंजिन मिळतंय. मित्र म्हणतोय, "टाक की बे, बोल्ट टू बोल्ट बसतंय." दुसऱ्या कुणी ३५० लाच मोठं बोअर किट, म्हणजे मोठा पिस्टन आणि सिलिंडर, सुचवलंय. दोन्हीपैकी काय करू, आणि त्यासोबत आणखी काय काय बदलावं लागेल?

मालक, मी सत्तावीस वर्षं याच गाड्या खोलतोय-बांधतोय. अशी इंजिनं मी स्वतः बसवलेली आहेत, बोअर किटही टाकलेत, आणि आता दोन्ही कामं घेत नाही. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते ऐकीव नाही. पण गाडी समोर नाही, हेही खरं. काही गोष्टी गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत, त्या तशाच सांगतो.

तुमचा मित्र खोटं बोलत नाही. थंडरबर्ड ३५० आणि ५०० ची चेसिस जवळजवळ एकच, इंजिन त्या जागी बसतं. पण तुमचं दुखणं इंजिन लहान असण्याचं आहे का, हे आधी बघू. ३५० चं हे इंजिन नवं असताना १९.८ बीएचपी देतं आणि ४००० आरपीएमला २८ न्यूटन मीटर टॉर्क. एवढ्यात दोन माणसं आणि सामान घेऊन ही गाडी ९५ ला निवांत चालली पाहिजे, शंभरीही गाठली पाहिजे. तुमची ८५ लाच दम तोडते. म्हणजे कंपनीनं दिलेले घोडेसुद्धा आज तुमच्याकडं पूर्ण नाहीत. ते कुठं गळाले हे न शोधता मोठं इंजिन टाकणं म्हणजे टाकी गळते म्हणून मोठी मोटर बसवणं.

माझ्याकडं अशी गाडी आली की मी पहिल्यांदा इंजिनाला हातच लावत नाही. डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवतो. ब्रेक धरून राहिला असेल, चेन नको तितकी ताणलेली असेल, चाकाचं बेअरिंग खरखरत असेल तर ते हाताला लगेच कळतं. एकदा अक्कलकोट रोडचा एक गिऱ्हाईक "पिकअप गेला" म्हणून आला होता, तो नुसतं मागचं ब्रेक पॅडल सैल करून परत गेला. त्यानंतर क्लच. चौथ्या गिअरमध्ये ५०-६० ला चालवत असताना एकदम ॲक्सिलरेटर पिळा. आवाज वाढला आणि वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच प्लेटा घसरतायत. बायको मागं आणि पेट्या भरलेल्या असताना हे जास्त दिसतं, एकट्यानं चालवताना कळतही नाही.

मग इंजिन. तुमच्या हेडला दोन प्लग आहेत. त्यातला एक काढतो, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणतो, गाडी टॉप गिअरमध्ये टाकतो, पोरगं मागचा ब्रेक दाबून धरतं म्हणजे इंजिन फिरत नाही. आणि त्या प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. आता गॅरेजातला रेडिओ बंद करून कान लावायचा. कार्बोरेटरच्या तोंडातून फुस्स आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सायलेन्सरच्या टोकातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलचं टोपण काढल्यावर तिथून जोरात वारा आला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलं. थोडीफार हवा रिंगांमधून जातेच, ती कुठल्याही गाडीत जाते. पण टोपणाशी धरलेलं कागदाचं चिटोरं फडफडायला लागलं तर मग काय ते समजायचं. या तपासणीला अर्धा तास लागतो, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात मिळतं. ६२ हजार किलोमीटरला, त्यातही ओझं घेऊन पळालेल्या गाडीत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा रिंगा खराब निघाल्या तर मला नवल वाटणार नाही.

अजून एक गोष्ट, जी गेल्या दोन-तीन वर्षांत फार वाढलीय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमची गाडी त्याच्या आधीची, कार्बोरेटरवाली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं कमी, आणि ते जाळायला हवाही कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला, काय कळणार? तो पूर्वीइतकंच सोडतो, म्हणून मिश्रण पातळ होतं, गाडी गरम चालते आणि वरच्या वेगाला दम धरत नाही. त्यात वर तुम्ही फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर लावला असेल तर आणखीच पातळ. प्लग काढून बघा. पांढरट, खडूसारखा दिसला तर मेन जेट एक नंबर वाढवून बघण्यासारखं आहे. सोबत पेट्रोलची रबरी नळी आणि कार्बोरेटरच्या रबरी रिंगा बदलून टाका, जुनं रबर या पेट्रोलला फार दिवस टिकत नाही.

आता समजा हे सगळं करून गाडी पहिल्यासारखी झाली, तरी तुम्हाला जास्तच हवंय. हरकत नाही, तीही हौस असते. तर मग हिशेब करू. ५०० चं इंजिन २७.२ बीएचपी आणि ४१.३ न्यूटन मीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोघांचा सारखाच, ९० मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीचा, ३५० ला ७० मिलिमीटर आणि ५०० ला ८४. टॉर्क जवळजवळ दीडपट होतो आणि तो खरोखर जाणवतो. तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी गिअर न उतरवता चढते, ओव्हरटेकला मनगट फिरवलं की गाडी निघते. मी ते नाकारत नाही, ५०० चालवायला गोडच इंजिन आहे.

पण वेगाचं तसं नाही. हायवेला इंजिनाची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि वाऱ्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० ला जायचं तर वाऱ्यासाठी जवळजवळ दुप्पट ताकद लागते. उलट बाजूनं बघा. १९.८ वरून २७.२, म्हणजे ताकद ३७ टक्के वाढली, तर वरचा वेग वाढतो फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. शंभरच्या जागी एकशे अकरा. आणि तुमच्या त्या दोन पेट्या बाजूला कानासारख्या बाहेर आलेल्या, त्या वाऱ्यात किती खातात ते एकदा पेट्या काढून त्याच रस्त्यावर चालवून बघा. फुकटचा प्रयोग आहे.

बोअर किटबद्दल माझं मत कडक आहे, कारण त्यात माझी स्वतःची चूक गुंतलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच्या ३५० ला मी असं किट टाकलं. फोर्ज्ड पिस्टन, मोठं सिलिंडर, क्रँककेसचं तोंड लेथवाल्याकडून मोठं करून घेतलं. पहिले पंधराशे किलोमीटर गाडी अशी पळाली की तो पेढे घेऊन आला. मग मे महिना उजाडला. सोलापूरचा मे, दुपारी ४२-४३ अंश, आणि पठ्ठ्या भर दुपारी बायकोला घेऊन हैदराबादला निघाला. नळदुर्गच्या अलीकडं ९५ ला पिस्टन धरला. मागचं चाक जाम, रस्त्यावर काळी रेघ. त्यानं प्रसंगावधान राखून क्लच दाबला म्हणून दोघं सरळ थांबले. टेम्पोत घालून गाडी आणली, हेड उचललं, सिलिंडर वर ओढलं, तर पिस्टनच्या चारी कोपऱ्यांना उभे ओरखडे, ॲल्युमिनियम बोअरला फासलेलं. चारी कोपऱ्यांना ओरखडे म्हणजे पिस्टन तापून बोअरपेक्षा जास्त फुगला. फोर्ज्ड पिस्टन साध्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, त्याच्या आणि बोअरच्या मध्ये गॅप जास्त ठेवावा लागतो. मी नेहमीच्या अंदाजानं ठेवला होता, आणि जेटही पुरेसा वाढवला नव्हता. बोअर-पिस्टनचा सगळा खर्च मी माझ्या खिशातून केला, पण ती काळी रेघ मला अजून दिसते.

तुम्ही म्हणाल, गॅप बरोबर ठेवला असता तर? तर तो मे महिना निघाला असता. पण बाकीचं तसंच राहतं. पिस्टन जड झाला की क्रँकचा समतोल बिघडतो, कारण क्रँकची वजनं जुन्या पिस्टनच्या हिशेबानं केलेली असतात. मग पायाच्या खुंट्यांना आणि हँडलला मुंग्या येतात, नंबर प्लेटचे बोल्ट गळतात, टेल लॅम्पची वायर तुटते. स्टार्टरला इंजिनाशी जोडणाऱ्या स्प्रॅग क्लचवर ताण वाढतो. हेडमधले व्हॉल्व्ह मात्र ३५० चेच, म्हणजे पोट वाढवलं आणि नाक तेवढंच ठेवलं. गावात चार जणांसमोर स्टार्ट मारायला हे बरं आहे. दिवसाला पाचशे किलोमीटर जायच्या गाडीला नाही.

अख्खं ५०० चं इंजिन टाकणं त्या मानानं शहाणपणाचं, कारण ते कंपनीनं एकत्र जुळवलेलं आहे. पण तुम्ही विकत घेताय ते नुसतं इंजिन. ५०० ही इंजेक्शनची गाडी आहे. तिला ईसीयू, म्हणजे इंजेक्शन सांभाळणारा कॉम्प्युटर, लागतो, थ्रॉटल बॉडी लागते, सेन्सर लागतात, टाकीच्या आत बसणारा पेट्रोल पंप लागतो. म्हणजे तुमची टाकी चालत नाही, वायरिंग चालत नाही. काही जण यावर उपाय म्हणून ५०० ला कार्बोरेटर लावतात आणि ३५० चंच इग्निशन ठेवतात. गाडी चालू होते, घाटात खट-खट वाजते, ॲव्हरेज पडतं, आणि मग "५०० ची इंजिनं असलीच" असं नाव इंजिनाला. माझा अनुभव सांगतो, ज्या किमतीला इंजिन मिळतं साधारण तेवढेच पैसे त्याच्या आजूबाजूच्या सामानाला जातात. शिवाय ५०० भारतात २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंदच झाली. काही सुटं सामान मिळायला आताच फिरावं लागतं. तिकडं स्पितीत काझाला सेन्सर गेला तर कुठं शोधणार?

ब्रेकचा विचार लोक शेवटी करतात. ८० ऐवजी ११० नं जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला आधी दहा आणे काम होतं तिथं जवळजवळ एकोणीस आणे करावं लागतं. पुढं एकच २८० मिलिमीटरची डिस्क, २०१४ च्या गाडीला एबीएस नाही, आणि शॉकअप, कोनसेट (हँडलची बेअरिंगं), मागच्या चाकाच्या स्विंगआर्मचे बुश हे ६२ हजार पळालेले. इंजिन बदलायला येणाऱ्यांपैकी किती जणांनी ब्रेकचं ऑइल कधी बदललं होतं, विचारू नका.

आता कागदाचं. याला लोक हसण्यावारी नेतात, म्हणून सविस्तर लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय ते आणि कंपनीनं मुळात जे बनवलं ते यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम १८२-अ आलं. त्यात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसीही असते. त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन रीतसर नोंद करण्याचा मार्ग आहे. ३४६ च्या जागी ४९९ सीसी हा मार्ग नाही.

"बोअर किटमध्ये इंजिन नंबर तोच राहतो, कोण बघतंय?" हे मला रोज कुणीतरी ऐकवतं. नाक्यावरचा हवालदार नाही बघणार. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघेल. आणि तो तेव्हा येतो जेव्हा कुणालातरी लागलेलं असतं. ३५० सीसीच्या आत आणि वर असा थर्ड पार्टी विम्याचा दरच वेगळा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० साठी १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४. तुम्ही खालच्या दराचा हप्ता भरून वरची गाडी चालवत होतात, हे एकदा कागदावर आलं की क्लेमचं भांडण तुम्हाला सोसणार नाही.

आणि ते जुनं इंजिन. त्याचे कागद आहेत का? कुठल्या गाडीचं, ती गाडी कुठं गेली? इंजिन नंबर घासल्यासारखा, पुन्हा ठोकल्यासारखा वाटला तर हात लावू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर आणि विकणारा त्याच्या दुकानात.

स्पितीबद्दल दोन शब्द, कारण तुमचा मूळ बेत तो आहे. कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के राहते. तिथं ५०० सुद्धा २७ वरून १७ बीएचपीवर येते, आणि तुमची ३५० साडेबारावर. पण तिथला रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. दरवर्षी ३५० वर डबलसीट लोक जाऊन येतात. तिथं उपयोगी पडतो तो चांगला क्लच, आणि कमी सामान. कार्बोरेटर उंचीवर उलटा वागतो, हवा कमी म्हणून मिश्रण घट्ट होतं, गाडी काळा धूर सोडते. म्हणून सोलापुरात वाढवलेल्या जेटसोबत आधीचा लहान जेटही खिशात ठेवा, बदलायला पंधरा मिनिटं लागतात.

स्प्रॉकेटचंही कुणीतरी सांगेलच. पुढचं १६ दातांचं असेल आणि १७ केलं तर गिअर सहा टक्के लांब होतो, इंजिन सावकाश फिरतं. ऐकायला छान, पण ज्या गाडीला आताच पाचव्यात ओढवत नाही तिला आणखी लांब गिअर देऊन काय मिळणार? ते सोडा.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? आधी वरची तपासणी. हेड खोलावं लागलं तर व्हॉल्व्ह लॅपिंग (घासून नीट बसवणं) किंवा नवे व्हॉल्व्ह, गाईड सील. बोअर गेलं असेल तर कंपनीचाच ओव्हरसाइज पिस्टन, किंवा नवं सिलिंडर-पिस्टन. क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, ब्रेकचं ऑइल, नवे टायर. पाचशे किलोमीटर हलक्या हातानं, मग पंढरपूर किंवा विजापूरपर्यंत एक फेरी. बहुतेक वेळा इथंच माणूस म्हणतो, "अरे, गाडी नवी झाली की." हा सगळा खर्च इंजिन बदलण्याच्या निम्म्यातही बसतो, आणि गाडी विकताना काही लपवावं लागत नाही.

एवढं करूनही मन भरलं नाही, रोजच ११० चा वेग हवा असेल, तर ही गाडी कामावर जायला ठेवा किंवा चांगल्या किमतीला विका आणि मुळातच मोठी गाडी घ्या. एनफिल्डच्याच ६५० च्या ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीत, ४७ बीएचपी आणि ५२ न्यूटन मीटर, सहा गिअर, आणि ब्रेक-चेसिस त्या ताकदीसाठीच बनवलेले. हिमालयन ४५० पाण्यानं थंड होणारी, ४० बीएचपी, खराब रस्त्याला आणि स्पितीला तुमच्या कामाची. फक्त पैशाचं गणित करताना हे धरा की सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय आणि त्याच्या वर ४० टक्के. त्यामुळं दोन-तीन वर्षं वापरलेली ६५० बघणं आता जास्त परवडतं. सीटच्या उंचीचा प्रश्न असेल तर बायकोलाही सोबत घेऊन शोरूमला जा, मागच्या सीटवर तिलाच बसायचंय. तिचं मत या सगळ्यात कुठं दिसलं नाही मला.

तपासायला माझ्याकडं आणायची असेल तर सकाळी लवकर आणा, इंजिन गार असताना. आदल्या दिवशी गाडी धुऊ नका, ऑइल कुठून पाझरतंय ते धुळीवरच दिसतं. आणि पेट्या भरूनच या, नेहमी नेता तितक्याच. आधी त्यांचं वजन करू.